वाफशाचे तीन दिवस

पेरणीच्या पाभरीच्या नळ्यांत अडकलेली माती मी काडीने कोरून काढत होतो, तेवढ्यात ओढ्याच्या अंगाने एक माणूस येताना दिसला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, काखेत एक बोचकं. पेरणीच्या दिवसांत रिकामा माणूस चालताना दिसला की आम्हा बोराट्यांना उगाचच राग यायचा. मी मनात म्हटलं, आला कोणीतरी तंबाखू मागायला.

तो बांधावर थांबला. पुढे येईना.

"बयाजी बोराट्याचं रान ह्येच का?"

"ह्येच. मी त्येचा धाकटा भाऊ, शिदा. काय काम हुतं?"

"मी दगडू. आमी दोघं एकाच हिरीवर कामाला हुतो."

मी काडी टाकून उभा राहिलो. बयाजी म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. आदल्या वर्षी पाऊस आम्हाला विसरला आणि घरातलं धान्याचं पेव संक्रांतीलाच तळाला लागलं. तेव्हा दादा विहिरी खोदणाऱ्या टोळीबरोबर भीमेच्या पलीकडे निघून गेला. "खाणारं एक तोंड तरी कमी," असं जाताना हसत म्हणाला होता. दसऱ्याला परत येणार होता. दसऱ्याला अजून तीन आठवडे होते.

"काय सांगावा धाडलाय दादानं?" मी विचारलं.

दगडूने बोचकं खाली ठेवलं आणि तो माझ्याकडे न बघता बोलला.

"बुधवारी दुपारी सुरुंग उडवला. धूर गेल्यावर बयाजी पयला खाली उतरला. त्यो कायम पयला उतरायचा. आन एका अंगाची कड सुटली बग. समदी त्येच्यावरच आली. वर काढस्तवर... काय ऱ्हायलं न्हवतं. तिथनं इतक्या लांब आणता येत न्हवतं, म्हून आमीच अग्नी दिला. मी चालतच निगालो."

बोचक्यात दादाचा पटका होता. कोणीतरी धुऊन, नीट घडी घालून दिलेला.

मला रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो सुतकाचा. आज मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर आपल्या मनात पहिल्यांदा काय आलं, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आता ट्रॅक्टरवाला येतो, घड्याळ बघून एकर पेरतो आणि चहा पिऊन जातो. त्याला वाफसा काय आणि मूठ काय, सगळं सारखंच. आमचं तसं नव्हतं. पाऊस पडून गेल्यावर माती पायाला चिकटत नाही आणि वाऱ्याने उडतही नाही, अशी तीन-चार दिवसांची वेळ येते. तोच वाफसा. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा तर त्याच दिवसांत. त्या वर्षी उत्तरा नक्षत्र मनासारखं बरसलं होतं. पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, असं म्हणतात. आमच्याकडे भात सणासुदीलाच दिसायचा, तेव्हा कुत्र्याच्या वाट्याला कुठला यायला! पण शाळू पोटभर मिळेल एवढी आशा जमिनीतून वर आली होती. सगळी वस्ती, अकराच्या अकरा घरं, बैल जुंपून रानात उभी होती.

आणि ही अकराही घरं आमची भावकी. एकाच आडनावाची. आमच्या घरात मृत्यू झाला की दहा दिवस अकरा घरांना सुतक. सुतकातल्या माणसाने बियाण्याला हात लावायचा नाही. लावला तर ते उगवत नाही, असं आमच्याकडे लहानथोर सगळे मानायचे, मीही मानायचो. दहा दिवसांनी जमिनीची वीट झाली असती.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. पाभरीच्या लाकडी चाड्यात मूठमूठ बी सोडणारी बाई हीच खरी पेरणारी. तिची मूठ ढिली असली तर दाणे ढिगाने पडतात, आवळली तर तासच्या तास, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या ओळी, रिकामी जातात. वस्तीत मूठ धरावी तर वैजंतावहिनीने. तिच्या हाताचा शाळू लांबून ओळखू यायचा. कंगव्याने विंचरल्यासारखा सरळ, दाट ना विरळ. अर्धी भावकी तिला आपल्या रानात मूठ धरायला बोलवायची. वैजंता म्हणजे दादाची बायको. आणि विधवेने चाड्यावर मूठ धरायची नाही, हाही आमचाच नियम.

"हितंच बस," मी दगडूला म्हणालो. "कोन बी आलं तरी तोंड उघडू नगंस. मी आबास्नी घिऊन येतो."

पटका मी कडब्याच्या गंजीत खोल खुपसला.

आबा, म्हणजे आमचे वडील, वरच्या तुकड्यात होते. पाभर पुढे गेली की मागून फळी फिरवून बी झाकावं लागतं. त्यासाठी ते चुलत्याची बैलजोडी सावडीने घेऊन आले होते. आज त्याची जोडी आम्हाला, उद्या आमची त्याला. मी जवळ गेलो तेव्हा ते बैलाच्या मानेला हळद लावत होते.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, दोन वाक्यांत सांगितलं असेल.

आबा बैलाच्या मानेवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग त्यांचं तोंड उघडलं. आता हा माणूस हंबरडा फोडणार आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाणार, हे मला दिसलं. मी खाली वाकलो, मूठभर माती उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

पुढे वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलो की आबांनी ठरवलं. ते खोटं नाही. पण माती मी दिली होती.

आबांनी माती मुठीत दाबली. मूठ उघडली. मातीचा लाडू झाला होता, बोट लावताच तो सुटा झाला. त्यांचं तोंड मिटलं.

"कुनाकुनाला ठावं हाय?"

"तुमी, मी आन त्यो."

"तीन दिसाचा वापसा हाय," ते म्हणाले. आवाज फाटलेला होता. "ऐकस्तवर सुतक न्हाई. तिनं ऐकल्यालं न्हाई, भावकीनं ऐकल्यालं न्हाई. आपून दोघांनी ऐकलंय. तवा आपून बियाला शिवायचं न्हाई. पोतं उचलायचं न्हाई, दाना पडला तर उचलायचा न्हाई. आपून निस्ती बैलं हाकायची. समजलं?"

"आन वैनीला?"

"तीन दिसांनी मी सांगीन. तिच्या म्होरं मी हुबा ऱ्हाईन. तुला काय बोलाय लागणार न्हाई."

मला सुटल्यासारखं वाटलं. तेही सांगून टाकतो.

आम्ही खाली आलो. वहिनी घरून आली होती. डोक्यावरची बियाण्याची पाटी उतरवून ती लिंबाखाली दगडूसमोर बसली होती आणि त्याला भाकरी वाढत होती. तिची तीन वर्षांची मुलगी मंजुळा पलीकडे मातीत खेळत होती.

"भावजी, पाव्हण्याला बसवून कुटं गेला हुतासा?" वहिनी म्हणाली. "बिचारं उन्हातानाचं आलंय. इचारलं कुटनं आलासा, तर सांगंना. मुकं हाय का काय?"

दगडूने भाकरीचा तुकडा हातात धरला होता. तो खाली ठेवताही येईना आणि तोंडात घालताही येईना, अशी त्याची गत झाली होती.

"बैल बगाय आलाय," आबा म्हणाले. "खिलारी पायजे हुता. आपल्याकडं न्हाई म्हनून सांगितलं."

"मग जेवून तर जाऊ द्या. खावा हो पाव्हणं. चटणी लई तिखट हाय का?"

"आज उपास हाय माजा," दगडू म्हणाला.

"आत्ता गं बया! आदी सांगायचं न्हाई व्हय?" वहिनी हसली. तिने तांब्यातून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो प्यायला आणि उठला. जाताना त्याने तिला हात जोडले. भाकरी न खाता एवढे हात जोडणारा पाहुणा तिने पहिल्यांदाच बघितला असेल. ती त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "माणूस भला दिसतोय. बैल मिळू दे बाबा त्याला."

मग तिने पाभरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, बैलांच्या कपाळाला बोट लावलं. राहिलेलं कुंकू सवयीने स्वतःच्या कपाळावर टेकवलं.

पेरणी सुरू झाली. मी बैल हाकत होतो, वहिनी पाभरीच्या मागे, कमरेला बियाण्याची ओटी बांधून. मागून आबा फळीवर. पहिल्या तासाच्या शेवटी तिची ओटी रिकामी झाली.

"भावजी, ती पाटी तेवढी हिकडं आना की."

मी कासऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागलो.

"भावजी!"

"तुमीच आना. बैल आवरंना."

"बैल हुबा हाय गपगुमान आन ह्यास्नी आवरंना!" ती स्वतः गेली, पाटी डोक्यावर घेऊन आली. पुढच्या तासाला पुन्हा तेच. दुपारपर्यंत तिने पोत्यातून पाट्या भरून आणल्या, ओट्या भरल्या, सांडलेले दाणे वेचले. आम्ही दोघे धडधाकट पुरुष बघत उभे. इतर वर्षी तिला पोत्याला कधी हात लावू दिला नव्हता.

"कामचुकार मेलं," ती मंजुळेला म्हणाली, पण मला ऐकू येईल असं. "तुजा बाप आला की सांगती. म्हनावं, तुमच्या भावाचं लगीन करा, बायको हाकंल तवाच ह्यो चालंल."

मी हसलो. हसावं लागलं. दीर-भावजयीत अशी थट्टा रोज चालायची. गप्प राहिलो असतो तर तिने विचारलं असतं.

आबांचं मात्र अवघड झालं. फळी फिरवताना ते मध्येच थांबायचे, बैल उभे आणि हे पाठमोरे. वहिनीच्या ते लक्षात आलं.

"मामंजींचं काय बिनसलंय? डोळं लाल झाल्यात."

"दाढ दुखतीया," मी म्हणालो. तोंडात आलं ते बोललो.

आबांनी ते ऐकलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हनुवटीखालून वर डोक्याला बांधलं. तीन दिवस त्यांनी ते सोडलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि वहिनी म्हणायची, "दाढंचं दुकनं वैऱ्याला नगं." तिने घरात जपून ठेवलेल्या चार लवंगा आणून त्यांच्या हातावर ठेवल्या. आबांनी त्या तोंडात टाकल्या. दुखत नसलेल्या दाढेखाली ते लवंगा चावत राहिले.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत आमचं आठ एकर रान पेरून झालं. वहिनी मंजुळेला घेऊन घरी गेली. मी बैलांना पाणी दाखवत होतो. आबा माझ्याजवळ आले.

"झालं आपलं," ते म्हणाले. "आता सांगू तिला. मला ऱ्हावत न्हाई, शिदा. काल तिनं त्येच्यासाटी दसऱ्याचं धोतर धुऊन ठिवलं."

मी म्हणालो, "भावकीच्या सा घरांचं शेवटचं तुकडं ऱ्हायल्यात. तिच्या मुठीवाचून खोळंबल्यात. आज सांगितलं तर समदी हात वर करून घरात बसत्याल. मागल्या साली आपल्याला शेरभर बाजरी कुनी दिली? त्यांनीच. आजून एक दिस, आबा."

हे सगळं खरं होतं. एकाही शब्दात खोट काढता आली नसती. पण मी भावकीसाठी बोललो नव्हतो. तिच्या तोंडावर ते उमटताना मला बघायचं नव्हतं, आणि एक दिवस पुढे ढकलता येत होता म्हणून मी ढकलला. आबांनी मला निरखून बघितलं आणि मान खाली घातली. बापाला कळलं असावं.

तिसऱ्या दिवशी वहिनीने सहा रानांत मूठ धरली. एकीकडची पाभर सुटली की दुसरीकडे. पायाला भेगा पडल्या होत्या, हात बियाण्याच्या औषधाने काळे झाले होते, पण तिची जीभ काही थांबली नाही. ज्या रानात जाईल तिथे बायका हसायच्या. आदल्या वर्षीच्या उपाशी दिवसांनंतर सगळ्यांच्याच अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं.

शेवटचं रान चुलत्याचं. दिवस अजून कासराभर वर होता. आमच्या वस्तीवर एक रीत होती: वस्तीच्या पेरणीचं शेवटचं तास संपलं की बैल सोडायच्या आधी मूठ धरणारीने नवऱ्याचं नाव घ्यायचं. त्याशिवाय जू उतरवायचं नाही. मला ती रीत तीन दिवसांत एकदाही आठवली नव्हती. आठवली असती तर मी काय केलं असतं, तेही सांगता येत नाही.

तास संपलं. मी सवयीने जुवाकडे हात नेला आणि चार बायका ओरडल्या.

"आरं ए शिदा! नाव घेतल्याबिगर सोडतोस व्हय बैलं?"

"ऱ्हाऊ द्या आज," मी म्हणालो. "दमलीया ती."

"दमतीया कशानं? नवरा यायचा हाय तिचा! घ्या वो वैजंताबाई!"

वहिनी चाड्यावर हात ठेवून उभी होती. पदराने तोंड पुसलं, लाजली, पोरीसारखी इकडेतिकडे बघायला लागली. आबा फळी तिथेच टाकून ओढ्याच्या दिशेने चालायला लागले. "मामंजी लाजलं बगा," कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"गप की गं," वहिनी म्हणाली. मग खणखणीत आवाजात तिने नाव घेतलं.

"उत्तरेच्या पावसानं भिजली काळी माती,
चाड्यात सोडलं मी जोंधळ्याचं मोती,
बयाजीरावांचं नाव शेवटच्या तासाला घेती!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. वहिनी इतकी हसली की तिला खोकला लागला. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, हसून हसून. मी जू उतरवलं. बैलाच्या मानेआड तोंड लपवून उभा राहिलो.

दिवे लागायच्या आत आबांनी तिला सांगितलं. उपरणं सोडलं, गंजीतून पटका काढून आणला आणि अंगणात तिच्यासमोर धरला. तिने तो हातात घेतला, उलगडला, कडब्याची कुसं झटकली.

"ह्यो हितं कसा?" ती म्हणाली.

आबांना बोलता आलं नाही. मला बोलायला लागणार नाही असं ते म्हणाले होते, पण मलाच बोलावं लागलं. मी पाठ केल्यासारखं सगळं बोललो: विहीर, कड, अग्नी, दगडू, वाफसा, सुतक. वाफशापाशी आल्यावर माझा आवाज जरा चढलाही असेल. माणूस स्वतःची बाजू मांडताना चढतोच.

"कवा?" तिने विचारलं.

"बुदवारी."

ती बोटांवर मोजायला लागली. बुध, गुरू, शुक्र, शनी. शनिवारी थांबली, कारण शनिवारी दगडू आला होता. मग पुढे मोजलं. रवि, सोम. माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं. मग जमिनीवर बसली आणि दोन्ही हात दगडावर आपटून बांगड्या फोडायला लागली. तिच्या रडण्याने भावकी गोळा झाली.

भावकीने आम्हाला नावं ठेवली नाहीत. उलट चुलता दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "आबानं काळजावर धोंडा ठेवला म्हनून अकरा चुली पेटत्याल." माणसं माना डोलवत होती. माझ्या पाठीवरून चार जणांनी हात फिरवला. मला ते आवडलं. वाटलं, दादा असता तरी त्यानेही हेच केलं असतं.

वहिनीने त्या दिवसापासून माझ्याशी थट्टा केली नाही. बोलणं तुटलं असं नाही. भावजी जेवा, भावजी मंजुळेला बघा, भावजी सरपण संपलंय. एवढंच. दुःखात आहे, होईल हळूहळू, असं मी म्हणायचो.

शाळू मात्र असा आला की शेजारच्या गावचे लोक बांधावर उभे राहून बघायचे. बैल आत शिरला तर दिसू नये एवढी ताटं. कणसं वाकलेली, दाणा मोत्यासारखा. एकही तास रिकामं नाही. बघणारे म्हणायचे, "मूठ कुनाची?" आणि कोणीतरी हळू आवाजात सांगायचं.

फाल्गुनात मळणी झाली. खळ्यावरून पहिलं पोतं घरी आलं. आबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. वहिनीने दळलं, देवापुढे नैवेद्य ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसली. मी चुलीसमोर पाटावर बसलो होतो. नव्या शाळूची पांढरीफेक भाकरी, तव्यावर टम्म फुगलेली. दोन वर्षांनी तो वास घरात आला होता.

तिने आबांचं ताट नेऊन दिलं. मंजुळेला कुस्करून दिलं. मला वाढलं. मग शिंकाळ्यावरची एक शिळी, काळपट भाकरी काढली आणि स्वतःच्या ताटात घेतली. शेजारणीकडून मागून आणलेल्या बाजरीची होती ती.

मग माझ्या ध्यानात आलं की ती हुरडाही खायला आली नव्हती. शेतात सगळी भावकी हुरडा भाजून खात होती तेव्हा ती कडेला बसून मंजुळेचे केस विंचरत होती.

"वैनी, नवं खावा की," मी म्हणालो. "तुमच्याच हाताचं हाय."

"नगं."

"आसं का करता? आमी काय सुकासुकी केलं का त्ये? तुमाला सांगितलं आसतं तर मूठ कोन धरनार हुतं? पीक गेलं आसतं समदं. पोरगी उपाशी मेली आसती. तुमीच सांगा, दुसरं काय करायचं हुतं?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. रागावलेली दिसत नव्हती. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"मी पेरलं आसतं, भावजी."

मला कळलं नाही. "काय?"

"मला सांगितलं आसतंसा तरीबी मी पेरलं आसतं. वापसा काय आसतो त्ये मला कळत न्हवतं व्हय? माज्या पोरीचं पोट मला दिसत न्हवतं? भावकी आडवी आली आसती तर मी तिच्या पाया पडली आसती. न्हाई ऐकलं तर ढकलून दिलं आसतं. रांडमुंड हातानं पेरलं आसतं, कपाळ पुसून पेरलं आसतं. रडत पेरलं आसतं, पर पेरलं आसतं." ती थांबली. तव्यावरची भाकरी उलटली. "त्यो तिकडं राख झाला हुता आन मी तीन दिस दात काढत हुती. समद्या बायांम्होरं नाव घेतलं मी त्येचं, हासत. तुमी माज्या पाटीमागं हुबं हुतासा. निस्तं इचारायचं हुतं मला. योकदा."

आम्ही दोघांनी, बापाने आणि दिराने, मातीला विचारलं होतं, आभाळाला विचारलं होतं. जिची मूठ होती तिला विचारायचं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

वहिनी त्यानंतर एकोणतीस वर्षं आमच्या घरात होती. मंजुळेचं लग्न केलं, माझ्या पोरांना वाढवलं. शाळू तिने रोज रांधला, कधी खाल्ला नाही. लोकांना वाटायचं, नवऱ्यासाठी नेम धरलाय.

त्या दिवशी तिने तव्यावरची दुसरी भाकरी काढली आणि माझ्या ताटात वाढली. "जेवा," ती म्हणाली, "निवून जाईल." मी मान खाली घालून जेवलो. उठून जायला हवं होतं, पण भूक होती. आणि खरं सांगतो, भाकरी फार गोड होती.